आधी बाण काढा

दोन प्रभार घ्या. एक धन ४ मायक्रोकूलोम, दुसरा धन १ मायक्रोकूलोम, मध्ये ३० सेंटिमीटर अंतर. दोघांना जोडणाऱ्या रेषेवर विद्युतक्षेत्र शून्य कुठे असेल? तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी २४ वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे आणि प्रत्येक तुकडीला हे गणित घालते. मुलं ते पटकन सोडवतात. मोठ्या प्रभारापासून २० सेंटिमीटरवर, लहानापासून १० सेंटिमीटरवर. बरोबर. मग मी फळ्यावर एकच चिन्ह बदलते. धन १ च्या जागी ऋण १ लिहिते, बाकी सगळं तसंच ठेवते आणि बाकांमधून फिरायला लागते.

निम्म्याहून जास्त वह्यांत पुन्हा तेच उत्तर असतं. विचारलं, की मुलं म्हणतात, ‘‘मॅडम, दोन्हींचं फील्ड सारखं झालं पाहिजे ना? मग चिन्ह कशाला घ्यायचं?’’ काही जण रीतसर समीकरण मांडतात. लहान प्रभारापासून पलीकडे क्ष अंतरावर तो बिंदू आहे असं धरतात आणि वर्गसमीकरण सोडवतात. उत्तरं दोन येतात : धन ३० आणि ऋण १०. ‘अंतर ऋण नसतं’ असं लिहून ऋण १० वर काट मारतात. ३० सेंटिमीटर हे उत्तर बरोबरच आहे, बोर्डात पूर्ण गुण मिळतील. पण काट मारण्याचं कारण चूक आहे. ऋण १० म्हणजे दुसऱ्या बाजूला १० सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही प्रभारांच्या मधला तोच जुना बिंदू. तो बिंदू अगदी खरा आहे. तिथे दोन्ही क्षेत्रांची किंमत सारखीच आहे, प्रत्येकी दर कूलोमला ९ लाख न्यूटन. फक्त दोघांची दिशा एकच आहे. धन प्रभार त्या बिंदूपासून दूर ढकलतो, ऋण प्रभार स्वतःकडे ओढतो, आणि ढकलण्या-ओढण्याची दिशा तीच. मुलांनी जिथे शून्य लिहिलेलं असतं, तिथे प्रत्यक्षात १८ लाख असतात.

समीकरणाला किंमत कळते, दिशा कळत नाही. दिशा आपण पेन्सिलीने काढायची असते. दोन बाण काढायला दहा सेकंद लागतात. माझ्या नोकरीची पहिली दहा-बारा वर्षं मी ते दहा सेकंद मुलांना दिले नाहीत, हे मला आज स्पष्ट लिहायचं आहे.

तेव्हा मी ज्या पद्धतीने शिकवत होते ती आमच्याकडे सगळेच वापरतात. दिलेलं काय, काढायचं काय, सूत्र, किमती भरा, उत्तर, एकक. मी स्वच्छ फळा लिहायचे. धड्याच्या शेवटी सूत्रांची एक यादी द्यायचे, मुलं ती वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायची. परीक्षेआधी ‘आयएमपी’ गणितांना खुणा करून द्यायचे. निकाल चांगला लागायचा, पालक खूश असायचे. गणिताची भाषा थोडी फिरवली, की मात्र मुलं गडबडायची, आणि मी त्याला ‘सराव कमी पडला’ म्हणायचे. सराव कमी नव्हताच. मुलं सूत्र शोधत होती आणि सूत्र शोधायचं मीच त्यांना शिकवलं होतं.

नोकरीच्या सातव्या की आठव्या वर्षी चुंबकीय बलाचा धडा चालू होता. गतिमान प्रभारावरचं चुंबकीय बल नेहमी त्याच्या वेगाला काटकोनात असतं, म्हणून ते काम करत नाही, प्रभाराची ऊर्जा वाढवत नाही, फक्त त्याला वळवतं. मी हे सांगितलं आणि लगेच एक गणित घातलं : १० लाख मीटर प्रतिसेकंद वेगाचा प्रोटॉन ०.१ टेस्लाच्या क्षेत्रात आडवा शिरला, तर किती त्रिज्येच्या वर्तुळात फिरेल? उत्तर साधारण साडेदहा सेंटिमीटर. मुलं आकडेमोड करत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. ऊसपट्ट्यातलं गाव, विहिरी आणि बोअर भरपूर, त्यामुळे दुकान बारमाही चालायचं. सुट्टीत हा पोरगा तिथेच बसून तांब्याची तार गुंडाळायचा.

तो म्हणाला, ‘‘मॅडम, चुंबकाचा जोर कामच करत नसेल तर आमच्याकडची मोटर पाणी कसं उपसते?’’

वर्ग शांत झाला. मला उत्तर येत नव्हतं. एमएस्सी झालेली होते, वर्गात सात-आठ वर्षं काढली होती, आणि इतका सरळ प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. मी म्हणाले, ‘‘ते परीक्षेला नाही. पुढचं गणित घे.’’ तो खाली बसला. त्या वर्षी त्याने पुन्हा प्रश्न विचारला नाही. मला उत्तर येत नव्हतं, ते क्षम्य आहे. पण मी ते त्याला सांगितलं नाही. त्याला बसवलं. इतक्या वर्षांत माझ्या हातून वर्गात झालेली ही सगळ्यात मोठी चूक, असं मी मानते.

प्रश्न माझ्या मागे लागला तो लागलाच. पुस्तकं काढून बसले. वाक्यं वाचून समजायचं, पण पटायचं नाही. शेवटी एका रात्री कोरा कागद घेतला आणि नुसते बाण काढायला लागले. एक तार काढली. तिच्यातून प्रवाह वाहतो, म्हणजे तिच्यातले प्रभार तारेच्या लांबीने सरकतात. चुंबकीय क्षेत्र कागदाला लंब, आत जाणारं. प्रभारांवर येणारं बल तारेला आडवं. या बलाने तार बाजूला सरकते, मोटर फिरते. इथपर्यंत पुस्तकात असतं. पण तार बाजूला सरकली, की तिच्यातले प्रभारही तिच्याबरोबर बाजूला चालले! म्हणजे त्यांच्या वेगाचा आणखी एक बाण काढला पाहिजे, आडवा. आणि त्या आडव्या वेगामुळेही चुंबकीय बल येणार. ते कुठल्या दिशेने? तारेच्या लांबीने, प्रवाहाच्या उलट. तो चौथा बाण काढला आणि मी थांबले. एक बल तारेला पुढे नेतं, दुसरं प्रवाहाला मागे रेटतं. पहिलं जेवढं काम करतं, तेवढंच दुसरं उलट करतं. दोघांची बेरीज शून्य, नियम जागच्या जागी. पण त्या उलट्या रेट्याविरुद्ध प्रवाह चालू ठेवायचा, तर विजेच्या पुरवठ्याला जोर लावावा लागतो, आणि विहिरीतलं पाणी वर येतं ते त्या जोरावर.

आमच्या आजोबांच्या विहिरीवर मोट होती. लहानपणी ती पाहिली आहे. बैल धावेवरून उताराला चालत जायचे आणि मोट वर यायची. वर बसवलेलं चाक स्वतः पाणी ओढत नव्हतं. ते दोराची दिशा तेवढी बदलून द्यायचं, आणि चाकाशिवाय बैलांची ताकद मोटेपर्यंत पोचली नसती. चुंबकीय बल मोटरीत त्या चाकाचं काम करतं.

पुढे तीन-चार वर्षांनी आमच्या बोअरची मोटर जळली आणि ती घेऊन मी त्याच दुकानात गेले. दुकान आता तो पाहत होता. आयटीआय केलं होतं, हाताखाली दोन पोरं होती. चहा आला. मी म्हणाले, ‘‘तू बारावीत एक प्रश्न विचारला होतास, मी उत्तर दिलं नव्हतं.’’ त्याला आठवत होतं. कोऱ्या बिलाच्या मागे मी ते चार बाण काढून दाखवले. त्याने कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे मोटर जाम झाली, की तार सरकतच नाही. मग हा उलटा रेटापण नाही. म्हणून करंट एकदम वाढतो आणि वाइंडिंग जळतं.’’ वाळू अडकून जाम झालेल्या पाणबुडी मोटरी त्याने शेकड्यांनी उघडल्या होत्या. जळक्या वार्निशचा वास त्याच्या ओळखीचा होता. मला पुस्तकातून हा मुद्दा कळायला किती पानं लागली होती, आणि त्याने तो दोन वाक्यांत सांगितला. माझी मोटरही त्याच कारणाने जळली होती.

त्या दिवसापासून माझ्या वर्गात गणिताच्या कागदावरची पहिली जागा आकृतीची झाली. सूत्र खाली. बाण नसलेलं उत्तर मी तपासत नाही, आकडा बरोबर आला असला तरी. पहिले दोन महिने मुलं वैतागतात. ‘‘सीईटीला एवढा वेळ नसतो,’’ म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत एका प्रश्नाला जेमतेम मिनिटभर मिळतं. पण चुकीच्या दिशेने मिनिटभर आकडेमोड करण्यापेक्षा दहा सेकंद बाणांना देणं परवडतं. बऱ्याचदा बाण काढल्याबरोबर चारपैकी दोन पर्याय आपोआप गळतात. हे एकदा अनुभवलं, की मुलं भांडत नाहीत.

भाषेबद्दल थोडं लिहायला हवं. माझ्याकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात आणि अकरावीला विज्ञान एकदम इंग्रजीत सुरू होतं. दहावीत त्यांनी ‘प्रभार’ आणि ‘विभवांतर’ शिकलेलं असतं, आता ‘चार्ज’ आणि ‘पोटेन्शियल डिफरन्स’ येतं. एका मुलीला अर्धं वर्ष वाटत होतं, की विभव आणि पोटेन्शियल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींच्या व्याख्या तिला स्वतंत्रपणे पाठ होत्या. तेव्हापासून मी नवा शब्द दोन्ही भाषांत लिहिते आणि समजावते मराठीतच.

‘क्षेत्र’ हा शब्द तर मला फार उपयोगी पडला. शेत हा शब्द ‘क्षेत्र’वरूनच आलेला. शेतकऱ्याच्या मुलांना मी विचारते, रानात काही पेरलं नाही तरी मातीला कस असतो की नाही? असतो. कस मातीचा, पीक मात्र काय पेरलं त्यावर. तसंच जागेला क्षेत्र असतं, तिथे कोणी प्रभार ठेवो न ठेवो. ठेवला, की त्याच्यावर बल दिसतं. प्रभार दुप्पट केला तर बल दुप्पट, पण क्षेत्र होतं तेवढंच. मग प्रत्येक गणितात मुलं स्वतःहून दोन प्रश्न विचारायला लागतात : हे क्षेत्र कोणामुळे, आणि भोगणार कोण? नुसत्या या दोन प्रश्नांनी एक मोठा गोंधळ मिटतो. मुलं एखाद्या प्रभारावरचं बल काढताना त्याचं स्वतःचं क्षेत्रही बेरजेत धरतात, ते थांबतं. अर्थात ही उपमा मी फार ताणत नाही. मातीच्या कसाला दिशा नसते, क्षेत्राला असते, आणि हे मी त्याच तासाला सांगून टाकते.

विभव आणि क्षेत्र यांतली गल्लत अशीच हट्टी. दोन सारख्या धन प्रभारांच्या बरोबर मध्ये क्षेत्र शून्य असतं, मग मुलं विभवही शून्य लिहितात. शंभरातली साठ-सत्तर तरी लिहितात, असा माझा अंदाज. यासाठी आमच्या जिल्ह्याचा भूगोल कामी येतो. विभव म्हणजे उंची, क्षेत्र म्हणजे उतार. पाचगणीच्या टेबललँडवर उभं राहिलं तर उंची भरपूर, पण पायाखाली उतार नाही. आणि दोन धन प्रभार म्हणजे दोन डोंगर, त्यांच्या मध्ये खिंड. खिंडीच्या माथ्यावर क्षणभर जमीन सपाट असते, पण आपण काही समुद्रसपाटीला पोचलेलो नसतो. याउलट एक धन आणि एक तेवढाच ऋण घेतला, तर मध्यबिंदूवर उंची शून्य आणि उतार मात्र तीव्र, डोंगरावरून दरीत जाताना मध्येच थांबल्यासारखा. घाट पाहिलेल्या मुलांना हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

स्थिर विद्युत आणि पावसाळा यांचं जमत नाही, हे मी उशिरा शिकले. जुलैत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवायला जायचे आणि कपटे हलायचे नाहीत. दमट हवेत प्रभार कंगव्यावर टिकत नाही. मुलांना वाटायचं मॅडमचं काहीतरी चुकलं. आता तो प्रयोग मी डिसेंबर-जानेवारीपर्यंत राखून ठेवते. कोरड्या सकाळी कपटे टपाटप उडतात, आणि जुलैत न होण्याचं कारण तेव्हा मुलंच सांगतात.

चुंबकीय क्षेत्राच्या धड्यात चुका हाताच्या असतात. खरोखर हाताच्या. परीक्षेत पर्यवेक्षण करताना मी हे कितीदा पाहिलं आहे. उजव्या हाताच्या नियमाचा प्रश्न येतो, मुलाच्या उजव्या हातात पेन असतं, म्हणून तो मोकळा डावा हात वर करतो आणि बोटं वळवून पाहतो. उत्तर उलटं. पर्यवेक्षकाने बोलायचं नसतं, त्यामुळे गप्प उभं राहावं लागतं. माझ्या वर्गात आता नियम आहे : हात वापरायचा तर आधी पेन खाली ठेवायचं. त्यात फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम वेगळा, तो मुलांच्या डोक्यात याच्यात मिसळतो. मी वर्षभर एकच हात आणि एकच नियम वापरते. बोटं वेगाच्या दिशेने, तिथून क्षेत्राकडे वळवायची, अंगठा बलाची दिशा दाखवतो. प्रभार ऋण असेल तर दिशा उलटी. यात एक फसवी जागा आहे. इलेक्ट्रॉनच्या गणितात मुलगा चुकून डावा हात वापरतो आणि ऋण चिन्हही विसरतो. दोन चुका एकमेकींना रद्द करतात, उत्तर बरोबर येतं आणि पूर्ण गुण मिळतात. पुढच्या गणितात प्रोटॉन आला, की तोच मुलगा चुकतो आणि कुठे चुकला हे त्याला सापडत नाही. उत्तरपत्रिकेवरून ते कळत नाही, लिहिताना त्याच्या हाताकडे पाहावं लागतं.

आता होकायंत्राबद्दल. १८२० मध्ये कोपनहेगनला ओर्स्टेडने प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसुई वळताना पाहिली, हे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येतं. मी त्या दोन ओळींवर दोन तास घालवते. प्रयोग करण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं : सुई तारेकडे ओढली जाईल, तारेपासून दूर जाईल, की आणखी काही? जवळजवळ सगळे ‘ओढली जाईल’ लिहितात. सुई ओढलीही जात नाही, दूरही जात नाही. ती तारेला आडवी वळायला लागते. वर्गात जो आवाज होतो तो मला दर वर्षी हवासा वाटतो.

त्यानंतर गणित. सुईच्या वर १ सेंटिमीटर अंतरावर तार उत्तर-दक्षिण धरली आणि तिच्यातून २ अँपिअर प्रवाह सोडला, तर तारेचं क्षेत्र किती? सूत्रात भरलं, की ४० मायक्रोटेस्ला येतं. आपल्या भागात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक साधारण ३८ मायक्रोटेस्ला आहे. एक बाण पूर्व-पश्चिम, एक उत्तरेकडे, दोघांची लांबी जवळपास सारखी. म्हणजे सुई साधारण ४५ अंशांवर, आकडेमोड केली तर ४६ अंशांवर थांबायला हवी. एका वर्षी मुलांनी हे आधी वहीत लिहिलं. मग प्रयोगशाळेतल्या बॅटरी एलिमिनेटरवर प्रवाह २ अँपिअर केला. सुई ४१ अंशांवर थांबली.

पूर्वीची मी असते, तर म्हणाले असते, ‘‘प्रयोगात थोडा फरक येतोच.’’ त्या दिवशी मी गप्प बसले. मुलं भोवती जमली. कोणी म्हणालं प्रवाह कमी असेल, अमीटर पाहिला, बरोबर होता. कोणी म्हणालं टेबलाच्या लोखंडी पायांमुळे, म्हणून होकायंत्र लाकडी स्टुलावर नेलं, फार फरक पडला नाही. मग एका मुलीने पट्टी घेतली. आम्ही १ सेंटिमीटर मोजला होता तो होकायंत्राच्या काचेपासून. सुई काचेच्या खाली टेकणावर असते, आणि तारेला स्वतःची जाडी आहे. सगळं धरून अंतर १.२ सेंटिमीटर भरलं. तिने तिथेच आकडा पुन्हा भरला. क्षेत्र ३३ मायक्रोटेस्लाच्या थोडं वर, आणि कोन ४१ अंश. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी.

मी २४ वर्षांत बरीच गणितं सोडवली आणि सोडवून घेतली. पण कागदावरच्या अंतराचा ‘र’ म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न एखाद्या मुलीने पट्टी हातात घेऊन सोडवलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढच्या वर्षी आम्ही सहल अलिबागला नेली. मुलांना समुद्र आणि किल्ला हवा होता, ते पाहिलंच. पण मला त्यांना चुंबकीय वेधशाळेची वास्तू दाखवायची होती. एकोणिसाव्या शतकात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी मुंबईत कुलाब्याला होत असत. शहरात विजेवर ट्राम धावणार असं ठरलं आणि त्या प्रवाहांमुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये सुरू झाली. वेधशाळा बांधताना लोखंड टाळलं, दगडसुद्धा चुंबकीय नसलेला निवडला. परतीच्या गाडीत मी मुलांना एक गणित घातलं : ट्रामच्या तारेतून १०० अँपिअर प्रवाह वाहतो असं धरा. १ किलोमीटरवर त्याचं क्षेत्र किती? रुळांतून परत येणारा प्रवाह सध्या सोडून द्या. उत्तर २० नॅनोटेस्ला. पृथ्वीच्या क्षेत्राच्या मानाने दोन हजारांतला एक भाग. ‘‘एवढ्याशासाठी वेधशाळा हलवली?’’ एका मुलाने विचारलं. दुसराच मुलगा त्याला म्हणाला, ‘‘अरे, त्यांना पृथ्वीचं क्षेत्र मोजायचं नव्हतं, त्यात रोज होणारा बदल मोजायचा होता. तो बदलच तेवढासा असतो.’’ मी मध्ये पडले नाही. रात्र झाली होती, गाडी घाटात होती, आणि मागच्या सीटवर दोघं तिघं मोबाइलच्या उजेडात रुळांतला परतीचा प्रवाह धरला तर काय होईल ते काढत बसले होते.

सगळ्यांचं असं होत नाही. दर वर्षी वर्गात अशी मुलं असतात ज्यांना भौतिकशास्त्र नकोच असतं, घरच्यांनी विज्ञानाला घातलेलं असतं. काहींचं गणितच कच्चं असतं. सेंटिमीटरचे मीटर करताना अंतराचा वर्ग आहे हे विसरतात, आणि उत्तर शंभर पटींनी चुकतं. मायक्रोचा ‘दहाचा उणे सहावा घात’ अर्ध्या वाटेवर सांडून जातो. या चुकांसाठी बाण उपयोगी नाहीत, त्यासाठी रोज थोडं थोडं लिहून घेण्याशिवाय मला दुसरा मार्ग सापडलेला नाही. आणि अजूनही काही मुलं माझ्या वर्गातून काही न समजता पुढे जातात. त्यांचे चेहरे लक्षात राहतात.

गेल्या डिसेंबरात संध्याकाळच्या जादा तासाला मी तेच पहिलं गणित घातलं होतं. धन ४, ऋण १, अंतर ३०. शेवटच्या रांगेतली एक मुलगी सहसा बोलत नाही. तीन गावं पलीकडून एसटीने येते. तिने बाण काढून ३० सेंटिमीटर उत्तर आणलं होतं, कारणही बरोबर लिहिलं होतं. मी पुढे जायला निघाले तर ती म्हणाली, ‘‘मॅडम, आपण रेषेवरच शोधलं. रेषेच्या बाहेर कुठे शून्य असेल तर?’’

प्रश्नात ‘रेषेवर’ असं लिहिलेलं असतं, म्हणून इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी तिला खडू दिला आणि बाकावर बसले. तिने फळ्यावर दोन प्रभार काढले, रेषेच्या वर एक बिंदू घेतला आणि त्यावर दोन बाण काढले. एक मोठ्या प्रभारापासून दूर जाणारा, एक लहानाकडे येणारा. मग बिंदू दुसरीकडे घेतला, पुन्हा दोन बाण. तिसऱ्यांदा खाली, रेषेच्या दुसऱ्या बाजूला. मागे सरून ती फळ्याकडे पाहत राहिली. वर्गात कोणी बोलत नव्हतं.

‘‘एक बाण या प्रभाराच्या रेषेत, दुसरा त्या प्रभाराच्या,’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘बिंदू बाहेर असला, की दोन्ही रेषा तिरक्याच भेटणार. बाण समोरासमोर येतच नाहीत. मग कितीही लहान-मोठे असले तरी एकमेकांना पुसू शकत नाहीत.’’

मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, खडू ठेवला, दप्तर उचललं आणि सहाच्या गाडीसाठी पळाली. तिची आकृती मी पुसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तासाच्या सरांनी विचारलं, हे राहू द्यायचं का? मी म्हणाले, राहू द्या, अकरावीच्या मुलांना दाखवायची आहे.